लाल झालेला दिवा

बाबा,

२९ डिसेंबर १९३६, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या क्षणी आपल्या भाताच्या गिरणीची मोटर जळली, आणि वीज कंपनीने स्वतःची चूक शेवटपर्यंत कबूल केली नाही. ती कंपनी गेली, तिचा साहेब गेला, तुम्हाला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाले, माझा राग अजून निवृत्त झालेला नाही. परवा आमचा फ्रीज जळला. वीज कचेरीतला कारकून म्हणाला, "आजी, दिवे लागतायत ना?" मी त्याला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण हेच वाक्य मी एकदा तुमच्या शेजारी उभी राहून ऐकलं होतं, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले.

शेजारच्या मांडवीच्या बर्फाच्या कारखान्याची मोठी मोटर आपल्याच तारेवर होती. ती सुरू झाली की आपल्याकडे विजेचा दाब एकदम उतरायचा. आपली मोटर कण्हायला लागायची, आणि गिरणीत भात पडतच राहिलं तर तापत जायची. कंपनीला सांगून सांगून तुम्ही थकलात, तेव्हा गिरणीत भात ओतायच्या पेटीवर एक दिवा टांगलात. दिवा लाल पडला की हाक द्यायची, मग तुम्ही भात थांबवून पट्टा उतरवणार. मी नाताळच्या सुटीत मुंबईच्या कॉन्व्हेंटातून आले होते. "बाय, तू नुसती दिव्याकडे बघ," तुम्ही म्हणालात. "मडमांनी एवढं तरी शिकवलंय ना?"

त्या दुपारी मांडवीची एक खलाशीण भात घेऊन आली होती. नवरा बोटीवर जाण्याआधी लावून गेलेलं भात, माघात मुलीचं लग्न. "अक्षता ह्यातल्याच काढायच्यात, काका. दाणा अख्खा येऊ दे." मग मोटर कण्हली, जळका वास आला, आणि तुम्ही पट्टा उतरवेपर्यंत धूर निघाला होता. पाटीत नुसती कणी. तिने मूठभर उचलून उजेडात धरली. "आमचं भात असं नव्हतं. बदललंत तर नाय ना?" तुम्ही रागावाल असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "तुझंच आहे गो. मोडलं."

दुसऱ्या दिवशी आपण दोघं कंपनीत गेलो. साहेब म्हणाला, गावात दिवे लागतायत, मग तक्रार कसली. तुम्ही म्हणालात, "दिवा कमी दाबावरही जळतो, साहेब. गिरणी अडखळली की दाणा मोडतो, आणि लोक मला चोर म्हणतात." त्याने विचारलं, लक्ष कोण ठेवत होतं? "माझी मुलगी. तिने वेळेवर हाक दिली होती." तिथेच बाकावर बसून मी तसं इंग्रजीत लिहून दिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. त्याचं उत्तर कधी आलं नाही. मोटर दुरुस्त झाली, पण मांडवीचं भात पुन्हा आपल्या गिरणीत आलं नाही. दोन पावसाळ्यांनी तुम्ही गिरणीला कुलूप लावलंत, आणि त्यानंतरही दुपारी चारच्या सुमारास, कुणाशी बोलत असलात तरी, मध्येच गप्प होऊन कान द्यायचात.

कंपनी दोषीच होती, त्यात मी काडीचीही सूट देणार नाही. पण बाबा, हाक मी दिलीच नव्हती. मी इंग्रजी कादंबरी वाचत होते. तुम्ही ओरडलात तेव्हा मान वर केली, पुस्तक तसंच उघडं पेटीवर टाकलं आणि बाहेर पळाले. सुटी संपल्यावर कॉन्व्हेंटात ट्रंक उघडली तर ते पुस्तक कपड्यांच्या वर ठेवलेलं होतं. कोंडा झटकलेला, आणि मी वाचत होते त्याच पानात गिरणीच्या कागदाची पट्टी घातलेली. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तुम्ही एका शब्दाने कधी काही विचारलं नाहीत.

हे पाकीट कुठल्याच पेटीत पडणार नाही, ठाऊक आहे मला. तरी विचारते. ते पुस्तक तुम्ही कंपनीत जाण्याआधी उचललंत की नंतर? साहेबासमोर माझं नाव घेताना तुम्हाला माहीत होतं का? येत्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आत, मला लेखी उत्तर हवं आहे.