तीस शांत दिवस

१ तारीख, सोमवार
लेक वेगळी राहते. काल आईमार्फत निरोप आला: लग्न ठरवतेय, त्या मुलाला घरी आणीन, पण आधी बाबांनी महिनाभर न भडकता राहून दाखवावं. मागे एकाला आणलं होतं, त्याला मी फक्त पगार विचारला. तो अर्धा चहा ठेवून गेला, याला मी काय करणार? अट मान्य. जावई लग्नाआधी बघायला मिळावा, एवढंच म्हणणं. मी मुळात शांतच आहे. तीस दिवस सहज.

२ तारीख
माझ्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाईकाला अठरा काचा बदलून दाखवल्या. आताचं बरं की मघाचं? म्हणे, दोन्ही सारखंच. अठराही वेळा. शेवटी अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा बंद केला आणि विचारलं, आता? आवाज अजिबात चढवला नाही. दिवस धरला.

५ तारीख
हिने समुपदेशक बाईंकडे माझं नाव घातलं. लेकीच्याच वयाच्या. म्हणाल्या, राग हे नुसतं झाकण; खाली भीती, लाज, दुःख असं काहीतरी उकळत असतं, ते ओळखा. मी म्हटलं, माझं भांडं रिकामं आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मुद्दा पटला असावा.

६ तारीख, सकाळी ११
एक आजोबा तिसऱ्यांदा आले. चष्मा नाकाला टोचतो. त्यांना शांतपणे समजावलं की या तक्रारीखाली म्हातारपणाची भीती आहे. चष्मा काउंटरवर टाकून गेले. सत्य झेपत नाही लोकांना.

संध्याकाळी
चष्मा खरंच टोचत होता. मागच्या खोलीत मशीनवर काचा घासणाऱ्या बाई अठरा वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांना चार शब्द सुनावले. त्या म्हणाल्या, फ्रेम तुम्हीच बसवली होती, साहेब. मग आणखी चार सुनावले. हा राग नव्हे. कामकाज.

९ तारीख
ही फोनवर लेकीशी बोलत होती. मी आत येताच म्हणाली, हो गं, फार उकडतंय. विचारलं, काय लपवताय? म्हणे, कुठे काय, तुमचं बीपी जपतोय. मी रिमोट सोफ्यावर ठेवला. सोफ्याच्या स्प्रिंगा जोरदार असल्याने तो भिंतीवर गेला. दिवस धरायचा की नाही, यावर मतभेद. मी धरला.

१५ तारीख
सहा दिवस झाले, एकाही माणसाने डोकं फिरवलेलं नाही. दुकानात काही बिघडत नाही, घरात काही सांडत नाही. दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात कागदात नीट गुंडाळलेली फुटकी काच सापडली. काचा घासणाऱ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, जुनी असेल. माणसं सुधारतात. आपण शांत राहून दाखवावं लागतं.

२१ तारीख, रविवार
ही दिवसभर भावाकडे. त्याचं पोट बिघडलंय म्हणाली. एरवी तिथून तणतणत येते, आज गुणगुणत आली. घरात माझा परिणाम जाणवू लागलाय.

२४ तारीख, बुधवार
दुकानातल्या बाईंचा दात दुखत होता. अर्धा दिवस सुट्टी मागितली. एक शब्द न बोलता दिली. हीही सकाळपासून बाहेर, म्हणून समुपदेशक बाईंकडे एकटाच गेलो. त्यांनी विचारलं, या महिन्यात घरच्यांनी तुम्हाला एखादी वाईट बातमी सांगितली? म्हटलं, एकही नाही. त्यांनी वही मिटून ठेवली. कौतुकाला शब्द सुचत नसतील.

२९ तारीख
दाढी उद्या सकाळी ताजी करायची. पगार विचारायचा नाही. 'या, बसा' आरशासमोर म्हणून पाहिलं. हुकूम वाटतो. 'ये, बस' बरं.

३० तारीख, दुपारी
लेक एकटी आली. उभ्यानेच म्हणाली, बाबा, आम्ही गेल्या बुधवारी सह्या केल्या. साक्षीदार आई, मामा आणि तुमच्या दुकानातल्या बाई. तुम्ही महिना छान काढलात, पण सांगायची हिंमत नव्हती. तो खाली गाडीत बसलाय. बोलावू?

मला राग आला नव्हता. हे मी शपथेवर लिहितो. त्याला वर बोलाव, एवढंच म्हणायचं होतं.

माझं तोंड उघडलेलं पाहून ही उठली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून आली. ते बघितलं आणि माझा आवाज निघाला तो नेहमीचाच. काय बोललो ते लिहीत नाही.

लेकीने फोन काढून त्याला सांगितलं, वर नको येऊस, मीच येते.

बंद खिडकीतून गाडी वळताना दिसली. लेकीचा हात बाहेर होता. गाडी चालवणारा पलीकडच्या बाजूला होता. त्याचं कोपर तेवढं दिसलं.