नऊ आवाज

बाबा, परवा आम्ही दोघं भंडाऱ्याला रॉक कॉन्सर्टला जाऊन आलो. तुम्हाला हा शब्द कळायचा नाही, म्हणून सांगते. कॉलेजच्या मैदानावर मोठा मंच बांधतात, चार-पाच पोरं गिटार आणि ड्रम घेऊन उभी राहतात, आणि दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर रचून इतक्या जोरात वाजवतात की बरगड्या हलतात. लोक त्यासाठी तिकीट काढून येतात. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही, लाखनीच्या शाळेत शिकवतात. वय त्रेपन्न, गुडघ्याला पट्टा. पण नागपूरला होस्टेलवर असताना ते गिटार वाजवायचे आणि ते खूळ अजून त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. मला न विचारता मोबाईलवर दोन तिकिटं काढून मोकळे झाले. त्या दिवशी मुलाचा काळा टी-शर्ट घालून, पोट आत ओढून आरशासमोर उभे. मी म्हटलं, "कसे दिसून राहिले, पाहा तरी." ते म्हणाले, "हसून घे. पण चल. पंचवीस वर्षं झाले, एकदा तरी माह्यासोबत चल."

पंचवीस वर्षं मी त्यांच्यासोबत असल्या ठिकाणी जायचं टाळत आले होते, हे खरं आहे. लग्नात डीजे लागला की मी मांडवाच्या पार मागे, भांडी घासणाऱ्या बायांजवळ जाऊन बसते. जयंतीच्या मिरवणुकीला गल्लीच्या टोकावरूनच हात जोडते. कोणी विचारलं तर बीपी आहे म्हणून सांगते. बीपी मला नाही. मी नर्स आहे, माझं बीपी मला चांगलं माहीत आहे. खरं कारण तुम्हालाच ठाऊक होतं, निदान अर्धं तरी.

आंधळगावच्या पलीकडे आपलं गाव आणि गावामागे गिट्टीची खदान. आता तिथे नुसतं पाणी साचलेलं आहे, पण मला ती अजून तुमच्या काळातलीच दिसते. तुम्ही दगडात भोकं पाडून सुरुंग भरता, दुपारी जेवणाच्या सुट्टीत माणसं वर आली की वाती पेटवून पळत येता आणि आडोशाला बसून आवाज मोजता. जितके सुरुंग भरले तितके आवाज व्हायला हवेत. एक जरी कमी पडला तरी त्या दिवशी खाली कोणी उतरायचं नाही, कारण न फुटलेला सुरुंग कधी फुटेल याचा नेम नसतो. हे सगळं तुम्ही मला शिकवलं होतं. आणि तुम्हाला ऐकू येत नाही हे मला स्वयंपाकघरात कळलं. आई चुलीपुढे होती, तुम्ही पाटावर जेवत होता, आणि तुमच्या अगदी मागे फळीवरून पितळी गंज खाली पडला. मी दचकले, आई दचकली, शेजारची म्हातारी काय झालं म्हणून डोकावली. तुम्ही मात्र भातावर वरण ओतून घेत होता. आई माझ्याकडे बघत राहिली, मी आईकडे. मालकाला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं, म्हणून ती गोष्ट आपल्या तिघांतच राहिली.

मग मोजायचं काम माझ्याकडे आलं. माझी शाळा दुपारी सुटायची, मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि बोडीच्या पारीवर, त्या तळ्याच्या बांधावर, उभी राहायचे. एक आवाज झाला की एक खडा पायाशी ठेवायचा. धूळ उडायची थांबली की तुम्ही आडोशातून मान वर काढायचा आणि मी बोटं दाखवायची. मुकादमाला वाटायचं, पोरगी बापाला हात करते आहे. बारा वर्षांची होते मी. पहिल्या दिवशी तुम्ही माझे दोन्ही हात धरून म्हणाला होता, "बरोबर मोजजो माय. तुह्या बोटायवर मी खाली उतरतो."

परवा मैदानावर ड्रम सुरू झाला तेव्हा मी नवऱ्याचा दंड धरून उभी होते. सभोवती सगळी कॉलेजची पोरं, हात वर करून उड्या मारत होती. हेही गुडघ्याचा पट्टा विसरून त्यांच्यात सामील झाले होते आणि अधूनमधून माझ्या कानाशी ओरडत होते, "कसं वाटून राहिलं?" मी मान हलवत होते. मंचावर धूर सोडलेला होता, त्यातून पिवळा उजेड येत होता, आणि त्या धुरात मला खदानच दिसू लागली. ड्रमवाल्या पोरानं सगळ्यांना थांबवलं आणि एकटाच एकेक मोठा ठोका देऊ लागला. एक. मग थांबायचा. दोन. माझी बोटं आपोआप मिटायला लागली. सात झाले, आठ झाले, आणि तो थांबला. सगळं मैदान श्वास रोखून उभं राहिलं. बाबा, खरंच सांगते, धुरात मला तुमची पाठ दिसली. खांद्यावर दुपट्टा टाकून तुम्ही खाली उतरत होता. मी ओरडले. इतकी जोरात ओरडले की पुढच्या दोन मुली मागे वळून हसल्या. त्यांना वाटलं, काकूंना रंग चढला.

त्या दिवशीही तुम्ही असेच उतरला होता. सकाळीच मला सांगून गेला होता की आज नऊ आहेत. मी आले तेव्हा पारीखाली गिट्टी न्यायला आलेला एक ट्रक उभा होता, त्याच्या केबिनमध्ये टेप जोरात लावलेला. स्फोट झाले, धूळ उडाली, तुम्ही मान वर काढली, मी नऊ बोटं दाखवली. तुम्ही उतरलात आणि नववा तेव्हा फुटला. मला फक्त लाल धूळ आठवते आणि मुकादमाचं पळणं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुम्हाला शुद्ध आली तेव्हा उजवा डोळा गेलेला होता आणि हाताची दोन बोटं. मालक, मुकादम, सगळे खाटेभोवती होते. मी आईच्या पदरामागे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणालात, "माहीच मोजणी चुकली." एवढंच. नंतर घरी आईला मी रडत सांगितलं की टेपच्या गोंगाटात एक आवाज मला एकावर एक आलेले दोन वाटले, म्हणून नऊ भरले. आईनं ते तुम्हाला हातवारे करून समजावलं. तुम्ही मान हलवली.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होता. शेळ्या राखल्या, मग छातीच्या दुखण्यानं खाटेला खिळलात. मला कधी रागावला नाही. तुम्ही एकदा तरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या, बाबा. मी वाट पाहिली होती. त्याऐवजी मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही कुठून तरी एक जुना रेडिओ आणला. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस रेडिओ आणतो! माझ्या हातात देऊन म्हणालात, "तुले गाणे आवडतात ना?" मी तो कधी लावला नाही. तुम्ही हे सहज म्हणालात की तुम्हाला सगळं माहीत होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. आजही कोणाची नाडी बघताना मी पूर्ण मिनिट मोजते, अर्ध्यावर सोडून दुप्पट करत नाही. बाकीच्या सिस्टर हसतात, मी हसू देते.

तर परवा मी ओरडल्यावर यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझी बोटं पाहिली. हात धरून गर्दीतून बाहेर, चहाच्या गाडीपाशी घेऊन आले. "काय मोजून राहिली तू? अन् रडून काहून राहिली?" मग मी सांगितलं. तुमचे कान, पार, खडे, नऊ बोटं, टेप, एकाचे दोन वाटलेले आवाज. पंचवीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते चहा गार होईपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. मागे गाणं चालूच होतं. मग म्हणाले, "अन् मी तुले डीजेवरून टोमणे मारत राहिलो वं. एकदा तरी सांगायचं होतं." मग माझे डोळे स्वतःच्या त्या काळ्या टी-शर्टनं पुसून म्हणाले, "बारा वर्षांची पोर होती तू. तेवढ्या गोंगाटात एक आवाज का दोन, कोणाले कळते? मलेही कळले नसते. तुही काही चूक नाही."

हे ऐकायला मी सगळा जन्म थांबले होते असं मला वाटत होतं. पण ऐकलं आणि आत काहीच हललं नाही. ते माझा हात धरून मला पुन्हा आत घेऊन गेले, शेवटपर्यंत हात सोडला नाही. येताना गाडीत ते गुणगुणत होते. त्यांना वाटतं, माझं ओझं उतरलं. काल सकाळी स्वतःहून माझ्यासाठी चहा केला, परवापासून माझ्याशी असे हळू बोलतात की मला बघवत नाही. त्यांनी माफ केली ती मुलगी कोणी दुसरीच होती, बाबा.

हा कागद मी घरात ठेवू शकत नाही, त्यांच्या हाती लागेल. लिहून झाला की चुलीत घालणार आहे. पण त्याआधी एकदा तरी तुम्हाला सांगायचं आहे. एका आवाजाचे दोन मला वाटलेच नव्हते. त्या दिवशी मी पारीवर नव्हतेच. ड्रायव्हरनं मला ट्रकच्या पायरीवर चढू दिलं होतं आणि मी खिडकीत डोकं घालून गाणं ऐकत होते. एकही खडा ठेवला नाही. धूर दिसला तशी धावत पारीवर आले, तुम्ही मान वर काढलीच होती. नऊ भरलेत हे मला सकाळपासून माहीत होतं, म्हणून मी नऊ दाखवले.