दादाचं जॅझ ऐकलेली मी एकटी

नंदुरबार, ११ जाने. १९३९, बुध.
मुंबईहून परत. नवा चष्मा नाकाला टोचतो. बाबांनी दादाचं विचारलं, तेवढंच सांगितलं. हो, हॉटेलातल्या बँडात ट्रंपेट वाजवतो. हो, जॅझ. हो, मी ऐकलं. पुढल्या दाराला तिकीट आणि साहेबी कपडे लागतात, म्हणून त्याने मला नि मुंबईच्या मावशीला मागच्या गल्लीत भटारखान्याच्या दाराशी उभं केलं. "इथंच बरं ऐकू येतं. आत लोक बोलत असतात." आत साहेब लोकांचा दुपारच्या चहाच्या वेळचा नाच चालला होता. कांद्याची पोती, वाफ, भांड्यांचा आवाज, आणि मधूनच तो. दादाच वाजवतोय हे कळत होतं. कसं, ते लिहिता येत नाही.

१४ जाने., शनि.
दादा फेब्रु.च्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला येणार. चर्चच्या मंडळीत कुणीतरी काढलं: जिथे दारू वाढतात तिथे वाजवणाऱ्याला प्रभूची भाकर द्यावी का? पंच बसणार. इथे ऐकलेली मी एकटी, म्हणून मला बोलावणं. बाबा म्हणाले, "विचारतील तेवढं खरं सांग."

१८ जाने., बुध.
शाळेच्या खोलीत तिघे पंच. बाबा खिडकीशी. दारू होती? ट्रे जाताना पाहिले. तो पीत होता? पाहिलं नाही. "पाहिलं नाही, की पीत नव्हता?" पाहिलं नाही, एवढंच सांगू शकते.
मग तिसरे पंच, इसाककाका. शहाद्याकडचे. तरुणपणी होळीला ढोलावर नाचायचे. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी नाच सोडला. भजनाला टाळी चालेल, पाय हलता कामा नये, हा मंडळीतला नेम त्यांचाच. त्यांनी एकच विचारलं.
"पोरी, तुन्हा पाय हालना का?"
हलला होता. डावा. मावशीने चिमटाही काढला होता.
"हो, काका."
तेवढ्यावर मला जायला सांगितलं.

१९ जाने., गुरु.
विहिरीवर शेजारच्या साराबाई: "सगा भाऊना घात करा ना तू! थोडं खोटं बोलती तं काय आभाय पडतं?"
घागर न भरताच घेऊन आले. पाय माझा हलला, आणि भाकर त्याची अडली. माझ्या भाकरीबद्दल कुणी बोलत नाही. मीच विचारावं का पंचांना? धीर नाही.

२८ जाने., शनि.
ठरलं. पंच स्वतः ऐकणार, मग बोलणार. दादाला कळवलं.

३ फेब्रु., शुक्र.
दादा सकाळच्या गाडीने आला. वाळलाय. केसांना तेल जास्त. संध्याकाळी अंगणात पंचांपुढे वाजवलं. इसाककाका खुर्चीवर बसेनात. चटई मागितली, मांडी घातली आणि दोन्ही पाय अंगाखाली दाबून बसले. दादाने आधी भजन वाजवलं सरळ, मग तेच जॅझ करून. कोंबड्या पळाल्या. एक पंच "पुरे" म्हणाले. काका म्हणाले, "वाजू दे." संपल्यावर त्यांना उठता येईना.
"हात धर मन्हा. पायले मुंग्या उन्यात."
दादा हसला. काका हसले नाहीत. निघताना बाबांना म्हणाले, "रविवारले भाकरनं ताट मन्हा हातमा शे. तवय दखसू."
तेव्हा बघू, म्हणजे काय, कुणालाच कळलं नाही. दादा म्हणतो, "म्हातारा देईल गं." मला तसं वाटत नाही. उलटंही वाटत नाही.

४ फेब्रु., शनि.
मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, "कशाबद्दल? पाय हलला नसता तर मला वाईट वाटलं असतं." मी त्याचा सदरा इस्त्री केला.

५ फेब्रु., रवि., सकाळ
दादा बूट पुसतोय. बाबांनी त्याला पुढे बस म्हटलं नाही, मागे बस असंही नाही. काल ठरवलं होतं, काकांनी ताट त्याला वगळून पुढे नेलं तर मीही हात पुढे करायचा नाही. उठले तेव्हा वाटलं, प्रभूच्या भाकरीवर रुसणारी मी कोण? आणि घेतली, तर त्याच्यादेखत ती गिळायची कशी?
बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तुझं तू बघ." असं ते आजवर कधी म्हणाले नव्हते.
पहिली घंटा झाली. दादाच्या शेजारीच बसणार, एवढं ठरलंय.