मनस्विनी, मयत

३ फेब्रुवारी

मी मेले आहे. आप्पा गेले, त्यांच्या जमिनीच्या वारसांच्या नोंदीत तसं लिहिलंय — 'हेमा, पत्नी. मुकुल, मुलगा. मनस्विनी, मुलगी, मयत.' नीरजा नावाचं कुणी आप्पांना झालेलंच नाही.

मुकुलनेच नोटिशीचा फोटो पाठवला. खाली, "ताई, हे काय झालं बघ." पुण्यात बसून अर्ज भरलान, जुन्या रेशनकार्डावरचं माझं नाव टाकलान. तलाठी गावात चौकशीला आले तेव्हा आई मुकुलकडे होती, आणि पंच म्हणून उभी राहिली सगळी तरणी पोरं. मनस्विनी? आम्ही कधी बघितली नाय, गेली असेल. झालं, लिहिलं मयत. बरोबरच आहे त्यांचं. त्यांनी बघितली ती नीरजाआत्या.

लग्नात श्यामनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'नीरजा' लिहिलं आणि त्या दिवसापासून माहेरीसुद्धा मनस्विनी म्हणायची चोरी झाली. लेकीला जुन्या नावाने हाक मारली तर सासरचा अपमान होतो, हे आप्पांचं म्हणणं. एवढ्या हौसेने ठेवलेलं नाव, स्वतःच गिळून टाकलं. मीही गिळलं.

४ फेब्रुवारी

श्याम म्हणाले, "जाऊ दे ना. मुकुल काय आंबे पाठवायचा थांबणार आहे?"

आंबे! कलमांतला माझा वाटा मला हवाच आहे, का नको? पण त्याच्याआधी, मी आप्पांची मुलगी आहे एवढं कुठेतरी लिहिलेलं हवं. असं म्हटलं तर पेपर वाचायला लागले.

७ फेब्रुवारी

तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आले. भांडायचंच म्हणून गेले होते, वाक्यं पाठ करून. टेबलावरचा सुहास नावाचा क्लार्क म्हणाला, "काकू, नोटिशीची मुदत आहे अजून. हरकत घ्या."

"कुणी घ्यायची?"

"ज्याचं चुकीचं लिहिलंय त्याने."

साधा कागद, माझा पेन, माझं गिचमिड अक्षर. मी जिवंत आहे, नोंद चुकीची आहे, दुरुस्त करावी. सुहासने शिक्का मारला आणि म्हणाला, आता सुनावणी होईपर्यंत ही नोंद पुढे जात नाही.

जात नाही म्हणजे? थांबली? माझ्या कागदाने?

सरकारात एकदा लिहिलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी पुसलं जात नाही, अशीच माझी समजूत. आणि मी, बीए नापास बाई, मी "थांबा" म्हटलं आणि ते थांबलं. स्टँडवर बसून पोच पुन्हा पुन्हा वाचली. लांज्याची गाडी समोरून गेली तरी उठले नाही. मेलेल्या बाईने हरकत घेतली आणि सरकारने तिला सही-शिक्क्याची पोच दिली.

१२ फेब्रुवारी

पुरावा कुठला द्यायचा? शाळेचा दाखला मनस्विनीचा. आधार नीरजाचं. लग्नपत्रिकेतही मनस्विनीच. लग्नाची नोंदणी केलेली नाही, तेव्हा कोण करत होतं. ही तीच, हे सांगणारं मधे काहीच नाही. होते ते तांदूळ, आणि ते दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले असतील.

१३ फेब्रुवारी

सुहासला फोन केला. म्हणाला, दोन्ही नावं ओळखणारी माणसं आणा, त्यांचे जबाब घेतील. आईला कळवलं. "मी येत्ये," एवढंच म्हणाली.

२१ फेब्रुवारी

सुनावणी झाली.

अधिकारी म्हणजे स्वप्ना मॅडम, माझ्या सुनेच्या वयाची मुलगी. आईला बघून उठून उभी राहिली, स्वतःची खुर्ची दिलीन. आधी श्यामचा जबाब. "नाव का बदललंत?"

"पद्धत होती." मग जरा थांबून, "आणि लांब होतं."

एवढ्या वर्षांनी कळलं. लांब होतं म्हणून! हसावं की चिडावं कळेना. घरी येताना माझी पिशवीसुद्धा त्यांनीच उचलली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग शेजारच्या गंगुबाई. त्यांना मी बोलावलंच नव्हतं, आईबरोबर आपण होऊन आल्या. म्हणाल्या, "ही मनू. लहानपणी आमच्या विहिरीत पडली होती. मी बाहेर काढलंय हिला. मेली कशी म्हणता?" मॅडमना हसू आवरेना, पण लिहून घेतलं, शब्दन्‌शब्द.

शेवटी आई. नाव सांगितलं — हेमा. वय विचारल्यावर माझ्याकडे बघितलंन. "ही कोण तुमची?" मॅडमनी विचारलं.

"माझी मनस्विनी."

लग्नानंतर आईच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. आणि ते ती एका सरकारी टेबलापुढे म्हणाली, मोठ्याने, आणि तिथे कुणीतरी ते लिहून घेत होतं. मी तिथेच रडले. लाज नाही वाटली.

केवढी मोठी गोष्ट आहे ही! दोन म्हाताऱ्या एसटीत बसून येतात, "हे खोटं आहे" म्हणतात, आणि कायद्याला गप्प बसून ऐकावं लागतं. आणि हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

७ मार्च

निकाल मिळाला. 'मयत' हा शेरा कमी. 'मनस्विनी ऊर्फ नीरजा, मुलगी.' मुकुलचा लगेच फोन — "ताई, पेढे कुणी द्यायचे, तू की मी?" भला आहे माझा भाऊ.

श्यामनी निकाल दोनदा वाचला. मग आत येऊन म्हणाले, "मनस्विनी, चहा करू का?" मी म्हटलं, करा.

९ मार्च

आईला फोनवर निकाल वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाली, पुन्हा वाचला. मग म्हणाली, "मी द्वारकी होते गो माहेरी. तिकडे मंडणगडला माझ्या बापाच्या जमिनीवर माझं काय लिहिलं असेल?"

साठी उलटली माझी. आईचं माहेरचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.