लॅपटॉपवर ताईचं लग्न

मंगळ, १२ नोव्हें.
सगळे फोटो लॅपटॉपवरच्या नव्या फोटो-ॲपच्या लायब्ररीत आले. कालपासून ती कॉपीची पट्टी सरकत होती, आज दुपारी संपली. जुनी लायब्ररी तशीच शेजारी बसलीय. दोघी सारख्याच लठ्ठ. लॅपटॉप म्हणतो जागा नाही.
शनिवारच्या आत जागा पाहिजे. पवनानगरला तळ्याकाठी तंबू भाड्यानं देणारे एक भाऊ आहेत, त्यांना सीझनसाठी जाहिरातीचा व्हिडिओ हवाय. म्हणाले, "तितंच बसून कापून दाव. न्हाईतर पुण्याचा एक पोरगा हाय, लय मागं लागलाय." माझं पहिलं खरं काम. नाही जमलं तर पप्पांनी तळेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला माझं नाव सांगून ठेवलंय. पप्पा देहूरोडला डेपोत रोज त्याच गेटनं आत जातात, त्यांना काही वाटत नाही. मला नुसतं ऐकून पाय वळवळतात.

बुध, १३
जुनी लायब्ररी उडवली. ट्रॅशपण रिकामी केली. खुशीत चहा केला. येऊन बघते तर जागा तेवढीच! चिमूटभर वाढली असेल.
सुजितला फोन. शाळेतला, कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं, बोलतो जास्त. हसतच सुटला. "येडे, फोटो दोनदा नव्हतेच. फोटो एकच, दोन्हीकडं त्याची नुसती नावं. तू दारावरची एक पाटी काढलीस, घर तिथंच."
"मग दोन्हीकडं तेवढाच आकडा का दाखवत होता?"
"त्यालाच विचार."
म्हणजे आता खरेखुरे फोटो उडवायचे. ऑनलाइनची फुकटातली जागा केव्हाच भरलीय. हार्ड डिस्क घ्यायची तर भाऊंचं काम पाहिजे, आणि भाऊंचं काम करायचं तर...

गुरु, १४
उडवायला बसले. टायगर पॉइंटचं धुकं. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याचे एवढे फोटो का काढले? उडवले. मग कणीस पळवणारं माकड. ते ठेवलं. माकड बघून लोणावळ्याला जावंसं वाटलं. गेले. नवीन फोटो काढून आले. किती ते लिहीत नाही.
मम्मी: "ते लग्नाचं टाक काढून. सगळ्यात जास्त तेच खातंय ना?"
खरंय. ताईचं लग्न. मी काढलेला पहिलाच मोठा व्हिडिओ. थांबवायचं कुठं ते कळत नव्हतं, कॅमेरा चालूच. ताई पांढऱ्या साडीत, बुद्धवंदना चाललीय, मधेच माईक शिट्टी मारतो आणि हिला हसू आवरत नाही. पदरात तोंड लपवते तरी खांदे हलतात.
ते लग्न आता नाही. उन्हाळ्यापासून ताई इथंच. अंगणाच्या पुढं जात नाही, भाजीलासुद्धा. कुणी काही विचारेल म्हणून.

शुक्र, १५
ताई मटार सोलत होती. विचारलं.
"लग्नाचा व्हिडिओ उडवू का? तूच ठरव."
"लग्न माझं होतं. व्हिडिओ तुझा आहे."
"मम्मी म्हणते काढ."
"मम्मीला म्हणावं, आधी कपाटातले आहेराचे टोप काढ."
आणखी मूठभर शेंगा सोलून झाल्यावर, "माईक शिट्टी मारतो ते आहे त्यात?"
आहे म्हटलं. "हं." परत मटार.
हो की नाही, काही कळलं नाही. व्हिडिओ ट्रॅशमध्ये टाकला. ट्रॅश रिकामी नाही केली, म्हणजे जागा झालीच नाही. माहितीय मला. तरी.

शनि, १६
कामशेतहून जीपनं पवनानगर. तंबू, पाणी, शेकोटी, आणि प्रत्येक फ्रेममध्ये भाऊंचं कुत्रं. कार्ड भरलं. आता लॅपटॉपवर घ्यायचं. जागा नाही अर्थात. भाऊ खुर्ची ओढून शेजारी. "कर की सुरू."
'ट्रॅश रिकामी करा' वर गेले. दाबलं नाही. बाजूला जाऊन ताईला फोन लावला.
"उडवू?"
मागं कुकरची शिट्टी.
"तुझं काम त्याच्यापायी अडलंय?"
"हो."
"अजून आहे ना पण?"
"आहे."
गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज. मग म्हणाली, "कामशेतला उतरून जीप कुठं मिळते?"
"काय?"
"एकदा बघते. मग मीच दाबते. नाहीतर ठेवायचं, ते तिथं ठरवू. जीप कुठं मिळते सांग."
"स्टेशनबाहेरच. बूट घाल, तळ्याकाठी चिखल आहे." दुसरं काही सुचलंच नाही.
भाऊ: "काय झालं?"
"थोडं थांबा भाऊ, एक माणूस यायचंय."
"आता कोण? अंधार पडंल!"
"ज्याचं आहे ते."
"पुण्याचा पोरगा असली पाव्हणी न्हाई बोलवत." तोंड वाकडं करून चहा सांगायला गेले. पण एक कप जास्तीचा सांगितला, ऐकलं मी.
आत्ता एक जीप आली. त्यात ती नव्हती. लॅपटॉप मांडीवर, चार्जिंग आहे अजून. लांब वळणावर धूळ दिसतेय, दुसरी असेल.