अळणी कण्या आणि बिडाचा हंडा

मी, एर्वीना गॅडसन, विधवा, धंदा मासेमारीची जाळी विणणे, राहणार हॅगर्स बेट, साउथ कॅरोलायना. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत लिहितेय. दडपण कुणाचंही नाही. कोंबडा कागदावर बसलाय, पण तो त्याच्या मर्जीने.

१. जमीन. गुलामी संपली तेव्हा एकट्या काळ्या माणसाला कुणी वीतभर जागा विकेना. म्हणून माझ्या आजाने आणि शेजाऱ्यांनी सगळ्यांची नाणी एका बिडाच्या हंड्यात ओतली आणि हंडाच उचलून मालकाकडे नेला, जमीन घेतली. तेव्हापासून जमीन सामाईक. एकाने जरी आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तर तो बाहेरचा कोर्टात जाऊन सगळीच लिलावात काढतो. शेजारचं बेट असंच गेलं. तिथे आता आपल्याच आजीच्या कबरीवर फुलं ठेवायला गेटवर पास मागतात.
माझा हिस्सा मुलगा ओबडाया आणि मुलगी केझाया, दोघांना मिळून. तोडून नाही.

२. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मक्याच्या कण्यांत केझाया साखर घालते, ओबडाया मीठ. बापाच्या मयताच्या जेवणात यावरून पळ्या उगारल्या. मग चर्च फुटलं. आता रस्त्याच्या अल्याड साखरवाले, पल्याड मीठवाले. देव एकच, त्याचे हाल.

३. गोल्फवाले साहेब केक घेऊन आले. केझायाला म्हणाले, भावाने विक्रीच्या कागदावर सही केली. ओबडायाला म्हणाले, बहिणीने केली.
"आई, तो मोकळा झाला, मग मीच काय मूर्ख?"
"अगं, विचार की त्याला!"
"त्या मीठखाऊला? मेले तरी नाही."
पलीकडे ओबडाया: "साखरेचं पोतं बसलं ना विकून? आण तो कागद!"
दोघांची पेनं मी हिसकावून घेतली. ती माझ्यासोबत पुरावीत.

४. साहेबांना अठरा भोकं पाडायला जमीन हवीय. त्यांना माझी चाळणी द्यावी. भोकं भरपूर आहेत, आणि आधीच पाडलेली आहेत.

५. साखरवाल्यांच्या पाद्रीबुवांना माझा बोकड. मीठवाल्यांच्या पाद्रीबुवांना त्याचा दोर. दोघांनीही तो केक खाल्लाय.

६. हंडा ओबडायाला, झाकण केझायाला. माझ्या मयताला त्यात कण्या शिजवायच्या. अळणी, साखरही नाही. दोघांनी एका ताटात, तोंडं वाकडी करून खायच्या. ताट संपेपर्यंत मला पुरायचं नाही. ऑगस्टचा उकाडा असेल तर भराभर खा.

७. मग हंडा घासून दारात पालथा ठेवायचा. गुलामीत आपली माणसं चोरून जमायची तेव्हा असाच ठेवायची. आवाज हंड्यात जातो, मालकाला ऐकू जात नाही, म्हणायची. दार लावा आणि भांडा. साखर, मीठ, बाप, मी, काय हवं ते. बाहेर साहेब केक घेऊन उभे असतील. त्यांना आतलं अक्षर ऐकू जाता कामा नये. घसे बसले की दोघांनी मिळून दार उघडायचं आणि एकदाच म्हणायचं: नाही.

माझी ओसरी, हॅगर्स बेट, ९ मे १९८३.
एर्वीना गॅडसन

साक्षीदार: द्रुसिला फ्रेझर (साखर), झेनोबिया सिंगलटन (मीठ). दोघींनी एकमेकींकडे न बघता, याच पालथ्या हंड्यावर कागद ठेवून, जप्त केलेल्या पेनांनी सह्या केल्या. झेनोबियाचं पेन मध्येच आटलं. द्रुसिलाने आपलं पुढे केलं. तोंड फिरवूनच. पण केलं.