मोकळे चार ठोके

४ मार्च
चूक झाली. घोडचूक! फुटबॉलच्या बुटांची जाहिरात एडिट करून लंडनला पाठवली आणि खालचं गाणं काढायचंच राहिलं. एडिट करताना ताल हवा म्हणून आम्ही सगळेच कुठलं तरी गाणं तात्पुरतं घालतो, मग काढून टाकतो. मी घातलं होतं लॅक्लनच्या बँडचं. माझ्या भावाचं. त्यातली त्याची ती आरोळी — चार ठोके ताणलेला एकच स्वर — तिच्यावर जाहिरातीतल्या स्ट्रायकरचा, मकॅस्किलचा, गोल असा काही बसला!

५ मार्च
जाहिरात कंपनीचा रूपर्ट फोनवर नाचतच होता. "एल्सपेथ, हेच गाणं! बूटवाल्यांच्या अंगावर काटा आला. गाणारा कोण?"
माझा भाऊ, म्हटलं.
"मग तर घरचंच काम!"
घरचंच. म्हणूनच तर.

६ मार्च
विचारायचं कसं? घशाच्या ऑपरेशननंतर लॅक्लनचा आवाज उरलाय, पण घोगरा, फाटका. डॉक्टर म्हणतात, बोला. तो बोलत नाही. दोन हिवाळे गेले. मोरॅगशीसुद्धा — स्वतःच्या बायकोशी! — फोनवर लिहून दाखवतो. जुन्या रेकॉर्डी माळ्यावर टाकल्यात. आणि मी त्याची तीच आरोळी बूट विकायला...
फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. धुतलेलेच कपडे परत धुवायला टाकले.

९ मार्च
रूपर्ट म्हणतो, "भाऊ नको म्हणाला तर तसाच गाणारा दुसरा आणू. हुबेहूब."
नक्कल! लॅक्लनची! त्यापेक्षा मीच जाऊन विचारते.

१० मार्च
गेले. मोरॅगने मसुराचं सूप केलं होतं. कुणालाच धड गेलं नाही. लॅपटॉपवर जाहिरात लावली. आरोळी आली तसा तो उठून खिडकीपाशी गेला, पाठ फिरवून.
"अरे, बहीण आलीये, काही तरी बोल की!" मोरॅग म्हणाली.
त्याने लिहिलं, फोन माझ्या नाकासमोर धरला. "कात्रीवाले, गाणं घे. माझा आवाज काप."
"मग राहिलं काय?"
"ड्रम. ड्रमवाला खूश होईल, मेला."
मी हसले. तो नाही. निघताना दाराशी परत लिहिलं — "तो माणूस आता नाही. त्याला दाखवत फिरू नकोस."

११ मार्च
कापला. आयुष्यभर हेच करत आलेय, पण आज बोट बटण दाबायला धजतच नव्हतं. आता गोल होतो, लोकांची तोंडं उघडतात आणि नुसते चार ठोके. ओरडत कुणीच नाही.
"समोरचे दात पडल्यासारखं वाटतंय गं!" रूपर्ट.
हेच चालेल, नाही तर गाणंच नाही, म्हटलं. इतकी ताठ मी कधी बोलले नव्हते.

२ एप्रिल
टीव्हीवर लागली. लॅक्लनकडून काही नाही. मी घरभर येरझाऱ्या घालतेय. त्याने पाहिली असेल? की बंद केला टीव्ही?

१९ एप्रिल
पबमध्ये मॅच बघत होते. मकॅस्किलने चेंडू घेतला आणि लोक टेबलं बडवायला लागले. आमचे चार ठोके! आणि आरोळीच्या जागी अख्खा पब — "मकॅऽऽस्किल!"
शेजारच्या आजोबांना विचारलं, हे कुठून आलं?
"अगं पोरी, टीव्ही बघत नाहीस? जाहिरातीतच आपल्यासाठी जागा सोडलीये! स्टेडियममध्ये ये एकदा, कान फुटतील."
जागा सोडलीये! तशीच उठून बाहेर आले. फुटपाथवर उभ्या उभ्या लॅक्लनला सगळं लिहून पाठवलं.


२७ एप्रिल
लॅक्लनकडून आलंय. शब्द एकही नाही, नुसतं रेकॉर्डिंग, स्टेडियममधलं. ठोके. मग हजारो गळे. आणि त्यांच्या पुढे, अगदी फोनला लागून, एक आवाज — घोगरा, फाटका, बेसूर. चारही ठोके टिकला.